चार-पाच हजारांत हेडफोन बदलायचाय? आधी तंबोरा ऐका

हेडफोनच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा पहिलं गाणं लावतो ते धडाधड बासचं. त्यात आठशेचा हेडफोनही झकास वाटतो आणि आठ हजारांचाही, त्यामुळे निवड करायला ते गाणं काही कामाचं नाही. सांगली-मिरजेच्या माणसाकडे त्याहून पक्की कसोटी घरचीच आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घडणाऱ्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुकही झालं. पण त्याच तंबोऱ्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग हेडफोनची केवढी झाडाझडती घेतं, हे फारसं कुणी करून बघत नाही.

काळी एकला लावलेला मर्दानी तंबोरा घ्या. जोडीच्या तारा षड्जाला, म्हणजे साधारण 138.6 हर्ट्झला. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69.3 ला. खर्ज छेडला की त्याचा पाचवा उपस्वर 346 हर्ट्झच्या आसपास उमटतो. हाच तो स्वयंभू गंधार, कुठल्याही तारेवर न लावलेला. हेडफोन 100 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात फुगलेला असेल तर खर्जाचा घुमारा सगळीकडे पसरतो आणि गंधार त्याखाली बुडतो. जवारीचा, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारा, झणकार याच्या बराच वर, हजार हर्ट्झपासून पाच-सहा हजारांपर्यंत चालतो. तिथे आवाज दबलेला असेल तर घोडीवरचा दोरा सरकल्यासारखा तंबोरा मुका होतो आणि तिथे उठाव जास्त असेल तर पत्रा वाजल्यासारखा कर्कश लागतो. रेकॉर्डिंग मात्र खऱ्या वाद्याचं हवं. ॲपमधला तंबोरा म्हणजे बहुतेक वेळा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवलेला. त्यावर स्वर लावायला हरकत नाही, हेडफोन पारखायला तो नको.

इथे बजेट धरलंय जास्तीत जास्त पाच हजार. फोन आहे तोच राहणार, वेगळा ॲम्प्लिफायर घेणार नाही, आणि आज कानाला आहे तो फोनबरोबर आलेला किंवा पाच-सातशेचा इअरफोन. अशा माणसाला तीन वाटा खऱ्या: कानाभोवती बसणारा बंद कपांचा हेडफोन, कानात जाणारा पण केबल सुटी होणारा इअरफोन, किंवा आहे तोच नीट करून पैसे राखून ठेवणं. तिसरी वाट दुकानदार सांगणार नाही, म्हणून शेवटी तिचंही सांगू.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम20एक्स

चार-पाच हजारांच्या टप्प्यात हा सगळ्यात सरळमार्गी हेडफोन. 40 मिलिमीटरचा ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर), 47 ओहमचा रोध, केबल सोडून वजन 190 ग्रॅम. माइक नाही, घडी होत नाही. डाव्या कपातून निघणारी केबल 3 मीटर लांब आहे आणि ती कपातून सुटी होत नाही. हा टेबलापाशी बसून ऐकण्याचा हेडफोन आहे, हे या एका आकड्यावरूनच समजून घ्यावं. रोज सांगली-मिरज शहरी बसने जाणाऱ्याने तो खिशातल्या फोनला लावला तर पहिल्या आठवड्यातच केबल सीटच्या दांड्यात अडकणार. घ्यायचाच असेल तर सव्वा मीटर मोकळी सोडून बाकीच्या केबलची हाताएवढी सैल वेटोळी करा आणि कापडी पट्टीने बांधा. केबल कपाभोवती घट्ट गुंडाळायची सवय वाईट. डाव्या कपात केबल शिरते तिथेच ताण येतो आणि तार आतल्या आत तुटते, बाहेरून काही दिसत नाही.

आवाज उबदार. तंबोऱ्यावर खर्ज जरा जाड, गंधार आहे पण शोधावा लागतो, जवारीची धार मऊ. तबल्यात डग्ग्याची मींड भरदार येते, दायाँच्या किनारीचा 'ना' मात्र हवा तेवढा टोकदार नाही. नाट्यगीतं, जुनी भावगीतं, पॉडकास्ट यांना हा स्वभाव मानवतो, दोन-तीन तास ऐकूनही कान शिणत नाहीत. व्हिडिओ संपादन किंवा घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही चालेल, कारण बंद कपांमुळे आवाज माइकमध्ये फारसा गळत नाही.

जाडपणा घालवायला खर्च नाही. इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांतले स्वर चढवा-उतरवायच्या ॲपमध्ये, 150 हर्ट्झवर 3 डेसिबल उतरवायचे, रुंदी साधारण एक सप्तक ठेवायची, म्हणजे 'क्यू'चा आकडा 1.4. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट, दोन्ही फुकट मिळतात; वेव्हलेटमध्ये पट्टे ठरलेले असतात, तिथे 150 च्या जवळचा पट्टा उतरवा. गंधार लगेच पुढे येतो. वरचे स्वरही उचलायचे असतील तर जितके डेसिबल वाढवाल तितकेच आधी प्री-ॲम्पमध्ये, म्हणजे इक्वलायझरमधल्या एकूण पातळीत, कमी करा. हे राहून जातं, मग जोरकस तानेला आवाज फाटतो आणि शिव्या हेडफोनला बसतात.

खरी कमतरता कुशनची. ती उथळ आहेत, मोठा कान आतल्या कापडाला टेकतो आणि तासाभरात पाळीचा वरचा भाग दुखायला लागतो. याच मालिकेतल्या वरच्या मॉडेलांची कुशनं यावर बसतात, बाहेरच्या कंपन्यांची जाड कुशनंही मिळतात. पण कुशन बदललं की आवाज बदलतो. जाड कुशनाने ड्रायव्हर कानापासून लांब जातो, मखमलीतून हवा गळते आणि बास पातळ होतो. हा हेडफोन जाड वाजत असल्याने थोडी गळती चालूनही जाते, तरी कुशन बदलायच्या आधी आणि नंतर तोच तंबोरा लावून बघा.

कृत्रिम चामड्याची साल निघते ती घाम, उष्णता आणि पावसाळी दमट हवेने. आपल्याकडे त्यात डोक्याच्या तेलाची भर. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तेल लावलेल्या केसांवर रोज हेडफोन चढवला तर कुशन लवकर भेगाळतं. वापरून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसून उघड्यावर ठेवा. स्पिरिट लावू नका, त्याने चामडं अजून कडक होतं.

बासची निम्मी तक्रार फटीची असते

"बास नाही" म्हणून परत केलेल्या हेडफोनांतले कितीतरी ठणठणीत असतात. बंद कपात खालचे स्वर टिकतात ते कुशन आणि कातडी यांच्यामध्ये फट नसेल तरच. चष्म्याची काडी कुशन उचलते, दाट केस उचलतात, कानातला झुबाही उचलतो. तपासायचं असं: 50 हर्ट्झचा सूर लावा, दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. दाबल्यावर सूर ठळक झाला तर फट आहे. मग चष्मा काढून तेच करा. चष्म्यानेच फरक पडत असेल तर पातळ काडीची फ्रेम किंवा कानात जाणारा इअरफोन, एवढेच दोन उपाय. महाग हेडफोन घेऊन ही फट बुजत नाही.

मूनड्रॉप चू 2

दोन हजारांच्या आसपास मिळणारा हा इअरफोन, एम20एक्सच्या निम्म्याहून कमी पैशांत, तंबोऱ्यावर त्याच्याहून सरस ठरतो. 10 मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, 18 ओहम, 0.78 मिलिमीटरच्या दोन पिनांची सुटी होणारी केबल. खर्ज आटोपशीर, गंधार मोकळा, जवारी उघड. बाईच्या तारसप्तकातल्या आवाजाला कधीमधी थोडी धार येते, 'स' आणि 'श' कानाला टोचू शकतात. सिलिकॉनच्या टोपीऐवजी फोमची लावली तर हे बरंच निवळतं.

केबल सुटी होणं ही छोटी गोष्ट वाटते, पण इअरफोन मरतात ते बहुतेक केबलने, ड्रायव्हरने नाही. पिना सरळ रेषेत ओढायच्या, डोलवायच्या नाहीत. सारख्या काढत-घालत बसायचं नाही, कारण खाच सैल झाली की एका बाजूचा आवाज येतो-जातो. नवी केबल घेताना 'टू-पिन 0.78' असं स्पष्ट मागा. 'सेम टू सेम बसेल' म्हणून दिलेली एमएमसीएक्सची, म्हणजे गोल खटक्याच्या जोडणीची, केबल यात बसतच नाही.

घालायची पद्धत चुकली तर मात्र हाच इअरफोन पत्र्यासारखा वाजतो. केबल कानावरून मागे न्यायची. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून घेऊन पाळी वर-मागे ओढायची, तोंड किंचित उघडायचं, इअरफोन आत सरकवून थोडा फिरवायचा आणि पाळी सोडायची. कानाजवळ बोटं चोळल्यावर खसखस एकदम कमी झाली तर टोपी बसली. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असं नाही. एका बाजूला मधली आणि दुसऱ्या बाजूला मोठी टोपी लागली तर बिनधास्त तशी लावा.

महिना-दोन महिन्यांत एका बाजूचा आवाज बारीक झाला तर लगेच वॉरंटीकडे पळू नका. नळीच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यावर कानातला मळ किंवा घामाची वाफ साचली की आवाज कोंडतो. चू 2 ची नळी स्क्रूने फिरवून निघते आणि जाळीसकट बदलता येते. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी इअरफोनच्या डबीत टाकून ठेवा.

याच किमतीत सेव्हन हर्ट्झचा सॅलनोट्स झीरोही मिळतो. तो 32 ओहमचा, आवाज अजून सरळ, बास अजून सडपातळ. नळी जाड असल्याने लहान कानांना टोचतो. बासची आवड असेल तर त्याचाच झीरो टू बघावा.

फोनला हेडफोनचं भोक नसेल तर

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. सांगलीत हरभट रोडला किंवा विश्रामबागला मोबाइलच्या कुठल्याही दुकानात शे-दीडशेला सी-टाइपचं कन्व्हर्टर लटकलेलं असतं. त्यातली बरीच नुसती तार असतात, आत फोनच्या डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी चिप नसते. फोनच सी-पोर्टातून थेट ॲनालॉग आवाज देत असेल तरच ती चालतात. सॅमसंग, पिक्सेल, आयफोन 15 आणि पुढचे, यांवर ती मुकी. चिप असलेलं कन्व्हर्टर ओळखायचं सोपं आहे: लॅपटॉपच्या सी-पोर्टात खोचा, आवाजाच्या सेटिंगमध्ये नवं उपकरण दिसलं तर चिप आहे.

ॲपलचं सी-टाइप कन्व्हर्टर स्वच्छ वाजतं, ॲपलच्या उपकरणांवर सुमारे 1 व्होल्ट देतं. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज अर्ध्यावरच अडतो. या अर्ध्याचा हिशोब घालून बघा. एम20एक्सची संवेदनशीलता 96 डेसिबल, म्हणजे 1 मिलिवॉटला. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं की 1 व्होल्टला 21 मिलिवॉट येतात, म्हणजे 13 डेसिबल वर, 109. अर्ध्या व्होल्टला 5.3 मिलिवॉट, म्हणजे 103. सिनेसंगीताला तेही पुरे. पण ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी पातळी शिखरापेक्षा 15-20 डेसिबल खाली असते, त्यामुळे विलंबित चालू असताना आवाजाची पट्टी शेवटाला टेकते. चू 2 चा छापील आकडा 1 व्होल्टला 119 डेसिबल, म्हणजे अर्ध्या व्होल्टलाही 113. दहा डेसिबलचा हा फरक कानाला जवळपास दुप्पट वाटतो. म्हणून भोक नसलेला अँड्रॉइड फोन आणि तंग बजेट असेल तर चू 2. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

आवाजाला जागा आहे म्हणून ती वापरायलाच पाहिजे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 ला फक्त 4.

हाय-रेझचे सोनेरी स्टिकर, सोन्याचा मुलामा दिलेली पिन, 'शंभर तास वाजवून मुरू द्या' हा सल्ला: यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. दोन दिवसांनी हेडफोन बरा वाटायला लागतो तो कान सरावतो म्हणून, आणि कुशन डोक्याच्या आकाराला बसतं म्हणून.

उघड्या कपांचे हेडफोन, उदाहरणार्थ सुपरलक्सचा एचडी681 (खरं तर अर्धा उघडा), याच पैशांत किंवा कमी पैशांत मिळतात आणि त्यांचा पसारा मोकळा वाटतो. पण आत कुकरची शिट्टी ऐकू येते आणि बाहेर तुमचं गाणं. शिवाय या मॉडेलला आठ हजार हर्ट्झच्या आसपास टोचणारा उठाव आहे. जवारी करवतीसारखी लागते. इक्वलायझर वापरायची तयारी नसेल तर याच्या नादी लागू नका.

हजाराच्या आत सोनीचा एमडीआर-झेडएक्स110: 30 मिलिमीटरचा ड्रायव्हर, कानावर टेकणारा, घडी होणारा, हलका. ऑनलाइन तासाला, बातम्यांना ठीक. यातला माइकवाला प्रकार 'एपी' अक्षरांनी ओळखायचा. पाचशेच्या इअरफोनवरून याच्यावर येणं म्हणजे फक्त आकार बदलणं.

वायरलेस

रोज बसने किंवा मिरज जंक्शनवरून रेल्वेने ये-जा करणाऱ्याचं गणित वेगळं. इंजिनाची घरघर खालच्या पट्ट्यातली असते. बंद कपांनी वरचे आवाज अडतात, ही घरघर फारशी अडत नाही, आणि नॉइज कॅन्सलिंग नेमकं तिथेच काम करतं. शिवाय फोनवर बोलणं होतं. तेव्हा प्रवास हेच मुख्य काम असेल तर वायरलेस घ्या, पण दोन गोष्टी धरून चाला. बॅटरी बदलता येत नाही, दोन-तीन वर्षांत ती निम्म्यावर येते, म्हणजे ही खरेदी पुन्हा करायची आहे. आणि आवाज उशिरा पोचतो. ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या साध्या एसबीसी पद्धतीत (कोडेकमध्ये) दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. यूट्यूब ते भरून काढतं, पण पेटी वाजवत स्वतःचाच आवाज वायरलेसवर ऐकत रियाज करायचा म्हटलं तर लय हुकणारच.

वायरलेसवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक शोधा आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. ॲपवर नाव दुसऱ्याच कंपनीचं किंवा दुसऱ्याच वस्तूचं निघालं तर डबा परत ठेवा.

दुकानात पंधरा मिनिटं

आपला फोन, आपलंच कन्व्हर्टर, आपलीच रेकॉर्डिंगं. दोन हेडफोन तोलताना मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, एका डेसिबलच्या फरकानेही. म्हणून मोठा वाजणाऱ्याचा आवाज उतरवून दोन्ही सारखे करा, मगच मत द्या. आधी तंबोरा, मग एकट्या बाईचा आवाज, मग तबला. गाणारीचा आवाज कपाळाच्या मध्यावर यायला हवा. एका बाजूला कलला तर हेडफोन उलटा घाला. कललेली बाजूही बदलली तर दोष हेडफोनचा किंवा फोनचा, नाही बदलली तर कानाचा. शेवटी 30 पासून 200 हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा सूर लावून कुठे खरखर होते का बघा. सीलबंद इअरफोन दुकानदार उघडून देणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. तिथे परतीची मुदत विचारून घ्या.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या. नुसतं 'हेडफोन 1 नग' लिहिलेलं बिल वॉरंटीला चालत नाही. वॉरंटी भारतातल्या वितरकाची की नुसती दुकानाची, हे पैसे देण्याआधी विचारायचं. परदेशातून परस्पर मागवलेल्या मालाला इथे कुणी वाली नसतो. कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवायची वेळ आली तर तो खर्च कुणी करायचा हेही तेव्हाच ठरवा.

आणि आहे तोच दुरुस्त करायचा असेल तर

एका बाजूचा आवाज येतो-जातो आणि पिनेजवळ केबल वाकवल्यावर परत येतो, म्हणजे तार पिनेच्या तोंडाशी तुटली आहे. नवी पिन आणि दहा मिनिटांचं डाग देण्याचं काम. आतल्या तारा केसासारख्या बारीक आणि रंगीत लाखेचा थर असलेल्या असतात. लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस ती ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची तार. माइकवाल्या केबलमध्ये आणखी एक तार असते आणि चार पट्ट्यांची पिन लागते. लाख तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने आणि कथलाने जाळल्याशिवाय डाग धरत नाही. घाईत नुसत्या पिळून लावलेल्या तारा आठवड्यात सुटतात.

यातला एक दोष फसवा. वाद्यं ऐकू येतात पण लांबून, आणि गायकाचा आवाज मात्र गायब. लोक हे फोनच्या सेटिंगवर ढकलतात. खरं तर ग्राउंड सुटलेला असतो. मग दोन्ही ड्रायव्हर एकामागोमाग जोडले जाऊन फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो आणि मधोमध असलेला आवाज वजा होतो. खात्री करायला मिरजेत समाधी असलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँचं एखादं रेकॉर्डिंग लावा. 1937 साली ते गेले, म्हणजे त्यांच्या सगळ्या तबकड्या मोनो. दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज, त्यामुळे ग्राउंड तुटलेला असेल तर आवाज कितीही चढवा, खाँसाहेब जवळजवळ गप्प. पिनेवरची तांबूस तार पुन्हा जोडली की आवाज तबकडीच्या खरखरीसकट परत येतो.